अकरा महिन्यांचा करार

पहिल्या तारखेला मी कावेसरला जाते,
नौपाड्याहून दोन बस बदलून.
भाडं आता परस्पर खात्यात जमा होतं,
तरी जाते. म्हणते, सिंक गळतंय का बघायला.

फ्लॅट यशोधनचा. कर्जही त्याचंच.
तो श्टुटगार्टला,
आणि त्याच्या हॉलमध्ये ओरहान, नेस्लिहान,
आठ वर्षांची देफ्ने.
ओरहान डोंगराखाली बोगदा खणणाऱ्या कंपनीत.
गाव झोंगुलडाक. भाडेकरूंच्या फॉर्मवर
हे नाव मी तीनदा खोडून लिहिलं.
हवालदार म्हणाला, बाई, नुसतं तुर्कस्तान लिहा की.
नाही लिहिलं.
चौतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले मी,
गाव चुकलं की घंटी भलत्याच घरी वाजते.

देवघराच्या कोनाड्यात आता चहाचे ग्लास आहेत,
पोट आत घेतलेले, इवलेसे.
पहिल्यांदा बघितले तेव्हा घशाशी काहीतरी आलं.
मग आठवलं,
सूनबाई तिथे वायफायचा डबा ठेवायची.

चहा ती दोन किटल्यांत करते, एकीच्या डोक्यावर दुसरी.
दूध नाही. काढा समजून पिते.
भाषांतराला फोन असतो,
पण त्याची बॅटरी उतरते तेव्हा
आम्ही घरातल्या वस्तूंना बोट लावत फिरतो.
पडदा. ती म्हणते, पेर्दे.
साबण. साबुन.
मी खिडकीबाहेर हात काढते, हवा.
हवा! ती ओरडते,
जत्रेत हरवलेली मावसबहीण सापडावी तशी.

मग घसरतंच कुठेतरी.
"चार हफ्ता," चार बोटं वर, डोळ्यांत पाणी.
गेलं, मी मनात म्हटलं, नवऱ्याचे चार हप्ते थकले.
तर तिकडे हफ्ता म्हणजे आठवडा.
चार आठवडे रात्रपाळी,
माणूस दिवसा नुसता झोपतो,
पोर घरभर चवड्यांवर चालते.
"झोर," ती म्हणाली.
हो गं, म्हटलं, जोर लागतोच.
फोननं नंतर सांगितलं, झोर म्हणजे अवघड.
म्हणजे मी फार चुकले नव्हते.

देफ्नेला मराठीचा निबंध आहे. माझे गाव, दहा ओळी.
घरात ही भाषा कुणाला येत नाही,
म्हणून वही पहिल्या तारखेची वाट बघते.
तिचा ळ पक्का आहे,
गेटवरच्या काळेकाकांना रोज हाक मारून झालेला.
गाव कुठलं लिहू, विचारते,
ते की हे?
मी पेन्सिलीला टोक काढत बसते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

मग ती लिहिते:
माझे गाव समुद्र आहे.
माझे गाव कावेसर पण आहे.
इथे माकड येते. केळी नेते.
माझे बाबा डोंगरात आहे.
मी फक्त "आहे"चं "आहेत" केलं.
सहा ओळी कमी पडल्या. पडू देत.

निघताना नेस्लिहान माझ्या पिशवीत ऑलिव्हची बाटली कोंबते,
माझ्या छातीकडे बोट करून म्हणते, "मिसाफिर."
मी? मी कसली मुसाफिर,
जन्मले इथे, तलावपाळीपासून दोन गल्ल्यांवर!
बसमध्ये शेजारच्या मुलाकडून फोनवर शोधून घेतलं.
मिसाफिर म्हणजे पाहुणा.
माजिवड्यापर्यंत मी बाटली मांडीवर घट्ट धरून होते.

बोगदा आरपार झाला की ते जाणार.
करार तोवर अकरा-अकरा महिन्यांनी वाढतो.

रात्री यशोधनचा फोन.
कोथिंबीर, मेथी, सगळं मिळतं आई,
कोपऱ्यावर तुर्काचं दुकान आहे ना.
म्हातारा चांगला आहे,
सुट्टे नसले तर राहू दे म्हणतो.
नाव काय त्याचं?
तिकडे शांतता. सात वर्षं झाली.
विचार की रे, म्हटलं.
आणि गाव विचार.
नीट उच्चार करून घे.